केंद्र तेच, गाणी वेगळी: मुंबईच्या एफएमवरील बदलांमागची कारणे

प्रश्न थोडक्यात असा आहे. 2002 ते 2007 या काळात मुंबईत एफएमवरून टेप केलेल्या काही कॅसेट प्रश्नकर्त्यांच्या घरी आहेत. त्यांवर एखादे केंद्र एका वर्षी इंग्रजी आणि हिंदी गाणी मिसळून वाजवताना ऐकू येते आणि दोन-तीन वर्षांनी तेच केंद्र फक्त नवी हिंदी चित्रपटगीते, तीही पुन्हा पुन्हा तीच, वाजवू लागते. श्रोत्यांची आवड बदलल्यामुळे हे झाले का, आणि महाराष्ट्राच्या राजधानीतील खासगी केंद्रांवर मराठी गाणी का नव्हती, असे त्यांनी विचारले आहे.

मी नव्वदच्या दशकात आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक होतो आणि नंतर बरीच वर्षे खासगी केंद्रांसाठी गाण्यांचे नियोजन केले. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की केंद्राचे संगीत बदलते तेव्हा श्रोत्यांची आवड बदललेली असतेच असे नाही. श्रोत्याची दखल कोण घेतो आणि कशाच्या आधारे घेतो, हे मात्र बहुधा बदललेले असते. कधी ती दखल मंत्र्याने घेतली, कधी रेकॉर्डच्या दुकानदाराने, कधी टपालाने आलेल्या पोस्टकार्डांनी आणि कधी पाहणी करणाऱ्या संस्थेने वाटलेल्या डायऱ्यांनी. तुमच्या कॅसेटमधील बदल समजून घ्यायचा तर थोडे मागे जाणे भाग आहे, कारण खासगी केंद्रांनी जे केले त्याच्या मुळाशी आकाशवाणीचा अनुभव होता.

मुंबई केंद्राचे उद्घाटन 23 जुलै 1927 रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या वतीने झाले. कंपनी लवकरच बुडाली, 1930 मध्ये सरकारने प्रसारण हाती घेतले आणि 1936 मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. काय वाजवायचे आणि काय वाजवायचे नाही याचा निर्णय वरून होण्याची सवय तेव्हापासूनची आहे. 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी आली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. ज्या नाट्यपदांनी पेटीच्या साथीवर रंगमंच गाजवला, ती पदे आकाशवाणीवर प्रत्यक्ष गाताना गायकाला सारंगी किंवा व्हायोलिनची साथ घ्यावी लागे. पेटी नको, असे कोणत्याही श्रोत्याने कळवले नव्हते. पेटीत श्रुती (सूक्ष्म स्वर) आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) नाहीत हा विद्वानांचा आक्षेप होता, आणि तो आक्षेप धोरण बनला.

त्याहून मोठा बदल 1952 मध्ये झाला. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि पुढील दहा वर्षे त्या पदावर राहिले. मराठी घरातील, शास्त्रीय संगीताचे जाणकार असलेल्या केसकरांना चित्रपटगीतांविषयी नावड होती आणि ती त्यांनी लपवली नाही. चित्रपटगीतांचे प्रमाण कमी करण्यात आले, शिवाय गाण्यासोबत चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, असे ठरवून ते सांगणेही बंद झाले. यावर निर्मात्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली आणि काही महिन्यांत आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ नाहीसे झाले. श्रोते कोठे गेले हे सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबर 1952 मध्ये रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची बिनाका गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, टेप विमानाने कोलंबोला जाई आणि लघुलहरींवरून पुन्हा मुंबईत ऐकला जाई. गाण्यांचा क्रम रेकॉर्डच्या दुकानांतील खप आणि श्रोत्यांचा कौल पाहून लावला जाई. आपल्याकडच्या हिंदी श्रोत्याची दखल आकड्यांनी घेण्याची ही पहिली ठळक रीत होती आणि ती परदेशी केंद्रावरून यावी हे धोरणकर्त्यांना शोभले नाही.

मात्र या धोरणाची दुसरी बाजू मराठी श्रोत्याने विसरू नये. चित्रपटगीतांची जागा रिकामी झाली आणि ती भरण्यासाठी केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उभे राहिले. पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले ते नेमके याच काळात. कवीकडून गीत लिहून घ्यायचे, केंद्राच्या वाद्यवृंदाकडून चाल बसवून घ्यायची, केंद्रातच ध्वनिमुद्रण करायचे आणि ते नियमित प्रसारित करायचे, ही व्यवस्था आज एखाद्या मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपनीलाही परवडणार नाही. सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने पुणे केंद्रावरून 1 एप्रिल 1955 च्या रामनवमीपासून 19 एप्रिल 1956 पर्यंत गदिमा आणि सुधीर फडके यांचे 56 गीतांचे गीतरामायण प्रसारित झाले ते याच व्यवस्थेतून. फडके स्वतः चित्रपटांचे यशस्वी संगीतकार होते, ही यातली गंमत आहे. चित्रपटसंगीत तेव्हा आकाशवाणीवर मुबलक असते तर आठवड्याला एक नवे मराठी गीत तयार करून त्याच आठवड्यात ते पुन्हा ऐकवण्याइतकी जागा वेळापत्रकात राहिली असती का, याविषयी मला शंका आहे. केसकरांच्या हट्टाने हिंदी श्रोता गमावला, पण मराठी भावगीताला आकाशवाणीचे आश्रयस्थान मिळाले.

सिलोनला उत्तर म्हणून 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली आणि 1 नोव्हेंबर 1967 पासून तिच्यावर जाहिराती आल्या. त्या प्रथम मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर आल्या, म्हणजे भारतीय नभोवाणीवरील व्यापारी प्रसारणाचा पहिला प्रयोग महाराष्ट्रात झाला. येथपासून प्रत्येक शहरात दोन स्वभावांची केंद्रे शेजारी शेजारी नांदू लागली. एक प्राथमिक वाहिनी, तिच्यावर शेतकऱ्यांचे, कामगारांचे, स्त्रियांचे कार्यक्रम, शास्त्रीय मैफल आणि भावगीते. दुसरी विविध भारती, तिच्यावर हिंदी चित्रपटगीते आणि जाहिराती. मराठी गाणे प्राथमिक वाहिनीवर आणि हिंदी गाणे व्यापारी वाहिनीवर, ही विभागणी तेव्हा पडली आणि तिचे परिणाम पुढे 2002 मध्ये दिसले.

प्राथमिक वाहिन्यांवर श्रोत्याची दखल पोस्टकार्डांनी घेतली जाई. 'आपली आवड'सारख्या कार्यक्रमासाठी आलेली पत्रे गाण्यांनुसार लावायची, एकाच गाण्याची मागणी करणाऱ्यांची नावे आणि गावे एकत्र करायची आणि निवेदनात शक्य तितकी वाचायची, हे काम मी केले आहे. या रीतीत एक विशेष होता. पत्र लिहिणारा माणूस गाण्यावर मनापासून प्रेम करणारा असे. ज्याला ते गाणे आवडत नसे तो पत्र लिहीत नसे. म्हणून एखादे जुने, फारसे कोणाला माहीत नसलेले भावगीतही पाच-सात चिकाटीच्या श्रोत्यांच्या बळावर वर्षानुवर्षे टिकून राही. सांगली केंद्र 1963 मध्ये सुरू झाले. 1251 किलोहर्ट्झवरील त्याच्या प्रसारणाचा श्रोता कोल्हापूर, सातारा आणि सीमाभागातही पसरलेला होता. त्या भागातील श्रोता अभंगाइतक्याच आवडीने कानडी भजन ऐके. अशा श्रोत्यासाठी गाण्यांची एकच ठरावीक यादी करणे कोणाच्या मनातही आले नसते.

 

आता तुमच्या कॅसेटच्या काळाजवळ येऊ. 15 ऑगस्ट 1993 पासून आकाशवाणीने मुंबई आणि दिल्लीच्या एफएम वाहिनीवरील काही तास खासगी निर्मात्यांना भाड्याने देण्यास सुरुवात केली. टाइम्स एफएम आणि रेडिओ मिड-डे ही नावे मुंबईकरांच्या लक्षात असतील. प्रक्षेपक आकाशवाणीचा, कार्यक्रम खासगी, अशी ती पद्धत होती. एफएमचा संच तेव्हा सर्वांकडे नव्हता. तो मोटारीत, महाविद्यालयीन मुलांच्या खोलीत आणि नव्या टू-इन-वनमध्ये होता. जाहिरातदारालाही तोच वर्ग हवा होता. त्यामुळे या तासांवर इंग्रजी पॉप आणि नव्याने आलेले हिंदी पॉप यांचे राज्य होते. 1998 च्या जूनमध्ये हे करार नूतनीकरणाविना संपले आणि ती वाहिनी पुन्हा पूर्णपणे आकाशवाणीकडे आली. त्या दिवसांत टेप केलेली कॅसेट असेल तर निवेदकाच्या तोंडी आलेल्या निर्मात्याच्या नावावरून तिचा काळ ठरवता येतो.

खरी खासगी केंद्रे मुंबईत 2002 मध्ये सुरू झाली: रेडिओ मिरची 98.3, रेडिओ सिटी 91.1, रेड एफएम 93.5, गो 92.5 आणि विन 94.6. त्यांतील बहुतेक निर्माते, निवेदक आणि जाहिरात विकणारे लोक 1993 ते 1998 च्या प्रयोगातून आलेले होते किंवा त्या प्रयोगावर वाढलेले होते. एफएम म्हणजे इंग्रजी बोलणारा, कार चालवणारा श्रोता, ही कल्पना त्यांनी सोबत आणली. म्हणून पहिल्या वर्षी रेड एफएमवर आणि विशेषतः गो 92.5 वर इंग्रजी गाण्यांचे प्रमाण लक्षणीय होते. तुमच्या कॅसेटवरील मिश्र काळ हा आहे.

तो टिकला नाही याचे पहिले कारण परवाना शुल्क. खासगी एफएम परवान्यांच्या पहिल्या टप्प्यात केंद्रांनी लिलावात जी बोली लावली ती रक्कम दरवर्षी भरायची होती आणि ती दरवर्षी 15 टक्क्यांनी वाढत जाणार होती. चक्रवाढीने वाढणारी ही रक्कम पाच वर्षांत दुपटीवर जाते. उत्पन्न मात्र त्या गतीने वाढणे शक्य नव्हते, कारण रेडिओवर जाहिरात द्यायची सवयच बाजाराला नव्हती. अशा स्थितीत लहान पण निष्ठावान श्रोतृवर्गावर समाधान मानणे म्हणजे तोटा पत्करणे होते. विन 94.6 तगले नाही. बाकीच्यांनी एकेक करून इंग्रजी गाणी काढली आणि ज्या गाण्याला सर्वाधिक कान मिळतील तेच गाणे धरले, म्हणजे त्या आठवड्यात गाजत असलेले हिंदी चित्रपटगीत. 2005 च्या धोरणाने वार्षिक शुल्क उत्पन्नाच्या 4 टक्क्यांवर आणले आणि केंद्रांचा श्वास मोकळा झाला, परंतु तोपर्यंत सगळ्यांची चाकोरी एक झाली होती. परवान्यांच्या या दुसऱ्या टप्प्यात नवी केंद्रे आली, वारंवारितांची नव्याने मांडणी झाली आणि गो 92.5 चे रूपांतर रेडिओ वन 94.3 मध्ये झाले. कॅसेटवर 92.5 हा आकडा ऐकू आला तर ती कॅसेट या फेरमांडणीपूर्वीची, इतके निश्चित सांगता येते. कॅसेट संगणकावर उतरवून घेताना अनेक जण फक्त गाणी ठेवतात. जाहिराती, वेळेच्या घोषणा आणि केंद्राची ओळखधून कापू नयेत, कारण काळ ठरवण्याचा पुरावा त्यांतच असतो.

तीच ती गाणी पुन्हा का वाजत, हे यंत्रणेच्या अंगाने सांगितले पाहिजे. खासगी केंद्रात तासाचे एक घड्याळ आखलेले असते: अमुक मिनिटाला नवे गाजते गाणे, मग थोडे जुने, मग जाहिराती, मग निवेदक, असे. गाण्यांचे गट पाडलेले असतात आणि कोणत्या गटातील कोणते गाणे कधी येणार हे सॉफ्टवेअर ठरवते. नियोजक नियम घालून देतो आणि यादीवर हात फिरवतो. समजा सर्वांत गाजत्या गटात 9 गाणी आहेत आणि त्यांपैकी 3 दर तासाला वाजवायची आहेत. मग प्रत्येक गाणे दर 3 तासांनी परत येते आणि सकाळी 6 ते रात्री 12 या 18 तासांत 6 वेळा वाजते. रिक्षातून अर्धा तास प्रवास करणाऱ्याला ही पुनरावृत्ती जाणवत नाही. उलट, संच लावल्याबरोबर ओळखीचे गाणे मिळाल्याने तो केंद्र बदलत नाही. दिवसभर रेडिओ लावून बसणारा दुकानदार, शिंपी किंवा घरातील माणूस मात्र वैतागतो. केंद्र पहिल्यासाठी आखलेले असते, कारण श्रोता संख्येने मोजला जातो आणि पहिल्या प्रकारचे लोक संख्येने जास्त असतात. आकाशवाणीच्या ग्रंथालयात रेकॉर्ड आणि टेप यांचे ढीग असत. खासगी केंद्राची चालू यादी काही शे गाण्यांची असे. शिवाय जाहिरातींना जागा करण्यासाठी अनेक गाण्यांचे दुसरे कडवे कापून टाकले जाई. माझ्या दृष्टीने पुनरावृत्तीपेक्षा हा अपराध मोठा आहे.

मराठी गाण्यांचा प्रश्न येथे येऊन मिळतो. यादीत कोणते गाणे राहील हे ठरवण्यासाठी चाचण्या होत. निवडक श्रोत्यांना बोलावून किंवा दूरध्वनी करून गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा ऐकवायचा आणि विचारायचे: ओळखीचे आहे का, आवडते का, कंटाळा आला आहे का? नमुना शहराच्या वस्तीप्रमाणे निवडला जातो, म्हणजे मुंबईत त्यात मराठी, गुजराती, हिंदी, दक्षिण भारतीय असे सगळे येतात. अशा चाचणीत एखादे मराठी गाणे मराठी श्रोत्यांनी डोक्यावर घेतले तरी उरलेल्यांच्या उत्तरपत्रिकेवर 'माहीत नाही' ही खूण पडते आणि सरासरी कोसळते. त्याउलट जे हिंदी गाणे कोणाचेच फार लाडके नाही, पण कोणालाच परके नाही, ते वर येते. पोस्टकार्डांच्या पद्धतीत प्रेम मोजले जात होते; चाचणीच्या पद्धतीत सहनशीलता मोजली जाते. 2007 पासून मोठ्या शहरांत, काय ऐकले ते श्रोत्यांनी लिहून ठेवायच्या डायऱ्यांवर आधारित साप्ताहिक श्रोतृमापन सुरू झाले आणि हा कल आणखी पक्का झाला, कारण दर आठवड्याला येणाऱ्या आकड्यांपुढे प्रयोग करण्याचे धाडस कोणताही व्यवस्थापक सहजी करत नाही.

मराठीविषयीचा तुच्छभाव नव्हताच, असे मी म्हणणार नाही. मराठी गाणे लावले की केंद्राचा 'दर्जा' घसरतो, असे बैठकीत ऐकलेले आहे, आणि ते मराठी माणसाच्या तोंडून ऐकलेले आहे. मराठी भावगीत सरकारी वाहिनीचे, म्हणजे वडीलधाऱ्यांचे, हा 1967 पासूनचा ठसाही त्यामागे होता. तरीही निव्वळ द्वेष हे स्पष्टीकरण अपुरे पडते. तसे असते तर 2016 मध्ये 'सैराट'ची गाणी मुंबईच्या हिंदी केंद्रांवर वाजलीच नसती. ती वाजली, कारण अमराठी श्रोत्यालाही ती आधीच मोबाइलवर, लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत ओळखीची झाली होती. 'माहीत नाही' ही खूण त्यांच्यावर पडली नाही. म्हणजे मराठी गाण्याला रेडिओवर येण्यासाठी आधी रेडिओबाहेर प्रसिद्ध व्हावे लागले. पुणे केंद्राने 1955 मध्ये नेमके उलटे केले होते.

मुंबईबाहेर चित्र वेगळे आहे. कोल्हापूरचे टोमॅटो एफएम 94.3 हे पुढारी समूहाचे केंद्र मराठी बोलते आणि मराठी गाणी वाजवते. तेथे जाहिरात देणारा सराफ, कापड दुकानदार किंवा शिकवणी वर्गाचा चालक स्वतःच त्या केंद्राचा श्रोता असतो. त्याला पाहणीचे आकडे दाखवावे लागत नाहीत. गिऱ्हाइकाने 'तुमची जाहिरात ऐकली' असे म्हटले की पुरते. मुंबईतील जाहिरात विकत घेणारी व्यक्ती बहुधा एजन्सीत बसलेली असते आणि तिच्यासाठी केंद्र म्हणजे तक्त्यातील एक ओळ असते. भाषेचा प्रश्न बराचसा या अंतरात आहे.

संगीताच्या शुल्काचाही उल्लेख करतो, कारण तो सहसा कोणी करत नाही. सुरुवातीची बरीच वर्षे ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या संस्थेला केंद्राकडून वाजवलेल्या संगीताच्या तासांप्रमाणे रक्कम द्यावी लागे. तासाला ठरलेला दर द्यायचाच असेल तर ज्या गाण्याने सर्वाधिक श्रोते थांबतील तेच लावणे हिशोबाला धरून होते. 2010 च्या ऑगस्टमध्ये कॉपीराइट मंडळाने हा आकार जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नाच्या 2 टक्के ठरवला. त्यानंतर कमी उत्पन्नाच्या लहान शहरांत केंद्र चालवणे आणि रात्री उशिरा जुनी गाणी वाजवणे पूर्वीइतके महाग राहिले नाही.

वैविध्य परत आले तेही नियम बदलल्यामुळेच. दुसऱ्या टप्प्यात एका मालकाला एका शहरात एकच केंद्र चालवता येत होते, म्हणून प्रत्येक जण सर्वांत मोठ्या श्रोतृवर्गामागे धावत होता. 2011 च्या धोरणाने आणि 2015 पासूनच्या लिलावांनी एका शहरात एकाहून अधिक केंद्रे, एकूण केंद्रांच्या 40 टक्क्यांच्या मर्यादेत, एकाच मालकाकडे ठेवण्याची मुभा दिली. आपल्याच पहिल्या केंद्राचे श्रोते पळवणारे दुसरे केंद्र कोणी काढत नाही. त्यामुळे मुंबईत फीव्हर 104 या केंद्राच्या मालकांकडून 91.9 वर जुन्या गाण्यांचे रेडिओ नशा आले. सत्तर, ऐंशी आणि नव्वदच्या दशकांतील गाण्यांचे श्रोते 2005 मध्येही मुंबईत होतेच, किंबहुना अधिक होते. त्यांच्यासाठी वेगळे केंद्र काढणे तेव्हा कोणाच्या सोयीचे नव्हते. रेडिओ वनने पुढे मुंबईत पुन्हा इंग्रजी गाण्यांचा रस्ता धरला, म्हणजे गो 92.5 ने सोडलेली जागा त्याच वंशातील केंद्राने वेगळ्या अर्थकारणात परत घेतली.

मराठी भावगीतांसाठी स्वतंत्र खासगी केंद्र मुंबईत का निघाले नाही, हा उपप्रश्न उरतो. वरील तर्काप्रमाणे ते निघण्याची शक्यता आता 2002 पेक्षा जास्त आहे, पण भावगीतांच्या श्रोत्याचे वय पाहून जाहिरातदार मागे सरतो, हा अडथळा अजून आहे. तोवर ही गाणी आकाशवाणी मुंबईच्या अस्मिता वाहिनीवर, पुणे, सांगली आणि रत्नागिरीच्या प्रसारणात मिळतात. मध्यम लहरींवर खरखर येत असेल तर आकाशवाणीच्या मोबाइल ॲपवर बहुतेक केंद्रे स्वच्छ लागतात. सकाळच्या सभेपासून सुरुवात करावी, कारण केंद्राचे स्वतःचे संगीत तेव्हा अधिक असते आणि दुपारनंतर सहक्षेपित, म्हणजे दुसऱ्या केंद्रावरून घेतलेल्या, कार्यक्रमांचे प्रमाण वाढते.